खाणीवरचा कर, खडी-रेतीचे भाव आणि आपला खिसा : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांचे पदाधिकारी, छोटे ठेकेदार आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, या तिघांचे रॉयल्टीबद्दलचे (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेबद्दलचे) प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत.

ठाणे-नवी मुंबईत खाण आहेच कुठे?

खाण म्हटलं की आपल्याला चंद्रपूर नाहीतर धनबाद आठवतं. पण ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना तुर्भे, पावणे, शिरवणे या बाजूच्या डोंगराकडे पाहा. उभ्या कापलेल्या काळ्या भिंती दिसतात, त्या दगडखाणी. मुंब्र्याच्या रेतीबंदराचं नावच सांगतं तिथून काय उतरायचं ते. खाडीतली रेती हातपाटी-डुबी पद्धतीने, म्हणजे बुडी मारून हाताने, काढण्याचे परवाने असतात, आणि परवाना नसलेले सक्शन पंपही असतात. नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, तेही उत्खननच.

दगड, खडी, मुरूम, साधी रेती, भरावाची माती ही कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिजं’. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यांचे नियम आणि दर राज्य सरकार ठरवतं. लोहखनिज, कोळसा, बॉक्साइट ही प्रमुख खनिजं. त्यांचे दर केंद्र ठरवतं, पण रॉयल्टीचा पैसा राज्यालाच मिळतो.

खाणवाला नेमकं काय काय भरतो?

मुख्य म्हणजे रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन. आपल्याकडे गौण खनिजाला ती ब्रासवर लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, दगडाचं वजन धरलं तर चार टनांच्या आसपास. महाराष्ट्रात २०२१ मध्ये हा दर ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झाला. त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणीची झळ बसणाऱ्या भागासाठीच्या निधीचा, हिस्सा. शिवाय रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी खाणवाल्याने स्वतःच भरायचा (त्याची वजावट मिळते), आणि खडी विकताना ५ टक्के जीएसटी. आयकर सगळ्यांनाच आहे.

लोहखनिजाला रॉयल्टी १५ टक्के, कोळशाला १४ टक्के. हे दर किमतीवर आहेत. आपल्या खडीवरचा दर घनफुटावर आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

रॉयल्टी वाढली की फ्लॅट महाग होतो, असं बिल्डर सांगतो. खरं आहे का?

हिशेब करून पाहू. आरसीसी बांधकामाला एका चौरस फुटामागे खडी आणि रेती मिळून ढोबळमानाने तीन घनफूट लागतात. समजा ७०० चौरस फूट बांधीव क्षेत्र. म्हणजे साधारण २१ ब्रास. पार्किंगचे मजले आणि पोडियमचा वाटा धरून दुप्पट करा, ४२ झाले. ब्रासमागे २०० रुपये वाढले तेव्हा अशा फ्लॅटवर बोजा आला ८,४०० रुपयांचा. घोडबंदर रोडवर तो फ्लॅट समजा एक कोटीला विकला जातोय, तर ही वाढ एक दशांश टक्क्याच्याही खाली. एवढ्यात त्याच्या नमुना फ्लॅटचे पडदेही येत नसतील.

तरीही, ८,४०० तर ८,४००, ते ग्राहकाकडून निघतात का? ठाण्यात घराची किंमत खर्चावर कमी आणि गिऱ्हाइकाच्या कर्जक्षमतेवर जास्त ठरते. गिऱ्हाईक एक कोटीच देऊ शकत असेल तर बिल्डर खर्चातली वाढ पुढच्या जमिनीच्या सौद्यात वसूल करतो, जमीनमालकाला तेवढे कमी देतो. ज्याने जमीन आधीच घेतली आहे त्याचा नफा थोडा घटतो. तेव्हा ‘रॉयल्टीमुळे दर वाढवावे लागले’ हे वाक्य मान हलवून ऐकावं आणि सोडून द्यावं.

मग झळ कोणालाच नाही?

आहे, आणि ती रस्त्यांच्या कामांना सर्वांत जास्त. रस्ता म्हणजे बहुतांश खडी, मुरूम आणि कच (दगडाचा बारीक चुरा). तिथे रॉयल्टीचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका असतो. गंमत अशी की रस्ता बांधतं कोण? महापालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खातं. म्हणजे रॉयल्टी वाढली की राज्याच्या महसूल खात्यात जे येतं त्यातला मोठा भाग सरकारी निविदांमधूनच गेलेला असतो. राज्याच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं तर हरकत नाही. पण पालिकेचा खिसा वेगळा, आणि तो मालमत्ता करातून भरतो. राज्याने रॉयल्टी वाढवायची आणि ठाण्याच्या करदात्याने ती खड्डे बुजवताना भरायची, हा प्रकार कोणत्याही अर्थसंकल्पीय भाषणात तुम्हाला ऐकू येणार नाही.

दुसरी झळ गावाकडे स्वतःचं घर बांधणाऱ्याला. मुरबाड-शहापूरकडच्या बांधकामात जमीन स्वस्त आणि माल महाग, त्यामुळे तेच २०० रुपये तिथे जास्त टोचतात.

खाणमालक स्वतःच्या नफ्यातून का भरत नाही?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून थोडं सावकाश.

खडी जड असते आणि स्वस्त असते. लांबून आणली की भाड्यातच संपते. त्यामुळे खडीचा बाजार वीस-पंचवीस कोसांचा. समजा नवी मुंबईतल्या कामावर खडीचा दर ब्रासला ३,००० रुपये आहे. जवळच्या क्रशरला (दगड फोडून खडी करणाऱ्याला) उत्पादन आणि वाहतूक मिळून २,००० पडतात, लांबच्याला २,९००. बाजाराला दोघांचाही माल लागतो, म्हणून दर लांबच्याला परवडेल असाच राहतो. जवळच्याला मिळणारे ९०० जास्तीचे रुपये हे त्याच्या कष्टाचे नाहीत, जागेचे आहेत.

आता सरकारने दोघांवर सारखेच २०० वाढवले. लांबच्याला जुन्या दरात परवडत नाही, तो थांबतो. माल कमी पडतो, दर ३,२०० होतो. जवळच्याचे ९०० जिथल्या तिथे आणि वाढ पूर्णपणे गिऱ्हाइकावर. ब्रासवर सरसकट लावलेली रॉयल्टी अशी खाली झिरपते.

त्याऐवजी सरकारने जवळच्या जागेचा लिलाव केला तर बोली लावणारे त्या ९०० रुपयांवर डोळा ठेवूनच आकडा सांगतील. सरकारला पैसा मिळेल आणि बाजारातला दर हलणारही नाही, कारण दर लांबचा क्रशर ठरवतोय आणि त्याच्यावर नवा बोजा नाही. नैसर्गिक संपत्तीवरचा कर जागेच्या जास्तीच्या कमाईवर लागला तर उत्पादनाला धक्का न लावता वसूल होतो, आणि मापावर लागला तर गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. कर किती यावर आपण तावातावाने बोलतो. कशावर, याकडे मात्र लक्ष कमी.

म्हणजे लिलाव हाच उपाय?

थांबा. रेतीगटांच्या (रेती काढायला आखून दिलेल्या पात्राच्या तुकड्यांच्या) लिलावात काय होतं ते बघा. बोलीची रक्कम भरून झाली की ती गेलेली. त्यानंतर उपसलेला प्रत्येक जादा ब्रास ठेकेदाराला जवळजवळ फुकट. मंजूर परिमाण पाच हजार ब्रास असो की दहा, नदीत मीटर लावलेला नाही. त्यामुळे लिलाव जितका चढा, तितका परिमाणाबाहेर उपसा करण्याचा मोह मोठा. लिलावाला मोजमापाची जोड नसेल तर सरकारला पैसे मिळतात आणि नदीचं पात्र खोल जातं.

लोहखनिजात दुसरं टोक दिसलं. २०२० मध्ये ओडिशातल्या काही खाणींना विक्रीमूल्याच्या १०० टक्क्यांहूनही जास्त अधिमूल्याच्या बोली लागल्या. म्हणजे १०० रुपयांचं खनिज काढायचं आणि १०० हून जास्त सरकारला द्यायचे! स्वतःचा पोलाद कारखाना असलेल्याला माल सुटू नये म्हणून हे चालतं; खनिज विकून पोट भरणाऱ्याला चालत नाही.

सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती मिळणार होती, तिचं काय झालं?

२०२३ च्या धोरणात तो दर जाहीर झाला, वाहतूक वेगळी. २०२५ च्या नव्या धोरणात डेपो पद्धत सोडून पुन्हा लिलावाकडे वळले. बाजारभाव कित्येक पट असताना ६०० ला विकायचं ठरवलं तर मधला फरक कोणाच्या तरी हातात जातोच, आणि तो हात बहुधा घर बांधणाऱ्याचा नसतो.

कृत्रिम वाळूवरची सवलत ही सबसिडी आहे का?

एका अर्थाने हो. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दगडापासून वाळू करणाऱ्या ठराविक प्रकल्पांना ६०० ऐवजी २०० रुपये ब्रास दर दिला. हेतू बरोबर वाटतो: खाडी आणि नदीतून उपसलेल्या रेतीचं नुकसान दगडापेक्षा महाग असतं, किनारे ढासळतात, कांदळवन जातं, मासळी आटते. ज्याचं नुकसान जास्त त्यावर कर जास्त, हे तत्त्व चांगलं. मात्र ठाण्यातले बहुतेक आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट आधीपासूनच क्रश सँडवर, म्हणजे याच कृत्रिम वाळूवर, चालतात. चांगली नदीची रेती मिळेनाशी झाली तेव्हाच ते वळले होते.

लोखंडाची सळई महागते ती खनिजाच्या करामुळे का?

खडीसारखं लोखंडाचं होत नाही. लोहखनिज जहाजाने जगभर जातं, त्याचा भाव इथे ठरत नाही. त्यामुळे रॉयल्टी वाढली तरी गडचिरोलीचा किंवा ओडिशाचा खाणमालक ती सहज पुढे ढकलू शकत नाही. त्याच्या नफ्याला चाट लागते. समजा खनिजाचा भाव टनाला ४,००० आहे. १५ टक्के म्हणजे ६००. एक टन पोलादाला साधारण १.६ टन खनिज लागतं, म्हणजे ९६० रुपये. सळई समजा ५०,००० रुपये टन असेल तर दोन टक्के. आपल्याकडे येणारी जालन्याची सळई तर बरीचशी भंगार आणि स्पंज आयर्नपासून (खनिज न वितळवता केलेल्या कच्च्या लोखंडापासून) बनते.

मात्र निर्यात शुल्क ही गोष्ट निराळी, आणि कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये २०२२ साली ज्याचं दुकान होतं त्याला ती पाठ असेल. २२ मे २०२२ ला केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. बाहेर जाणारा माल आत अडकला, देशातले भाव उतरले. बांधकामवाले खूश, ज्यांनी चढ्या भावाने माल भरून ठेवला होता त्यांचं कंबरडं मोडलं. कमी प्रतीच्या खनिजाला देशात गिऱ्हाईक नव्हतं, तो माल तसाच पडून राहिला. १९ नोव्हेंबर २०२२ ला शुल्क मागे घेतलं. सहा महिन्यांत खाणीचा पैसा पोलाद वापरणाऱ्याकडे गेला आणि परत आला. सरकारच्या तिजोरीत त्यातून फार पडलं असेल असं नाही, कारण निर्यातच आटली.

वीजबिलात खाणीचा कर कुठे आहे?

कोळशात. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झालेला उपकर २०१६ पर्यंत ४०० वर गेला आणि जीएसटी आल्यावर भरपाई उपकर म्हणून चालू राहिला. एक युनिट विजेला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला तर हे झाले युनिटमागे २६ पैसे. वीज जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे वीजकेंद्राला कोळशावरच्या कराची वजावट मिळत नाही. तो वीजदरात किंवा महावितरणच्या बिलातल्या ‘इंधन समायोजन आकारा’त येऊन बसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कोणाला फायदा? १३ टक्के वाढ आणि ४०० रुपये घट यांची बरोबरी सुमारे ३,१०० रुपये टनाला होते. विदर्भातल्या खाणींचा कोळसा त्याहून स्वस्त मिळत असेल तर वीज थोडी स्वस्त पडते. आयात केलेल्या महाग कोळशावर बोजा वाढतो. म्हणजे इथेही दरापेक्षा पद्धतीनेच फरक पडला: वजनावरचा कर किमतीवर आणला आणि स्वस्त कोळशाचं वजन उतरलं.

कर वाढला की चोरी वाढते का?

हो. पहाटे पाचच्या सुमाराला शिळफाट्याला उभे राहा. ताडपत्री ओढलेल्या हायवा (मोठे डंपर) एकामागे एक उतरतात. प्रत्येकीकडे महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक परवाना असायला हवा: गाडी क्रमांक, खनिज, ब्रास, निघाल्याची वेळ आणि मुदत. परवाना चार ब्रासचा आणि हौदा टेप लावून मोजला तर साडेपाच भरतो, हा नेहमीचा खेळ. दीड ब्रासचे ९०० रुपये वाचले. दुसरा प्रकार म्हणजे एकाच परवान्यावर मुदतीत दोन फेऱ्या. साइट जवळ असेल तर सहज जमतं. खाण जितकी जवळ तितकी ही चोरी सोपी, हे लक्षात घ्या.

पकडलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ४८(८) खाली गाडी जप्त. कागदावर जबर आहे. पण दंड गुणिले पकडलं जाण्याची शक्यता, हा हिशेब प्रत्येक गाडीमालक तोंडी करतो, आणि रात्री तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या पथकाच्या वाट्याला किती नाके येतात हेही त्याला ठाऊक असतं. यात भरडला जातो तो पूर्ण रॉयल्टी भरणारा क्रशरवाला, कारण त्याचा दर चोरट्यापेक्षा ब्रासमागे दीड-दोनशे रुपयांनी तरी चढाच राहतो.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासात तळघर खोदणार आहेत. त्या मातीवर रॉयल्टी लागते?

माती कुठे जाते यावर आहे. भराव, रस्ते, इमारतींसाठी वापरलेली साधी माती २००० सालच्या अधिसूचनेने गौण खनिज झाली. पण पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं की पायासाठी खोदलेली माती त्याच भूखंडावर भराव-सपाटीला वापरली तर निव्वळ खोदलं म्हणून रॉयल्टी मागता येत नाही. बाहेर नेली, विकली, दुसऱ्या साइटवर टाकली की परवाना आणि रॉयल्टी दोन्ही. विकासकाशी करार करताना हा खर्च आणि दंडाची जबाबदारी त्याच्याकडे, असं कलम घालून घ्या. नोटीस जमीनमालक म्हणून सोसायटीच्या नावानेही येऊ शकते.

हा पैसा खाणीच्या आजूबाजूच्या लोकांना मिळतो का?

रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. धूळ गावात राहते. हे जरा सुधारावं म्हणून २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. प्रमुख खनिजांत जुन्या पट्ट्यांना (खाणीसाठी भाडेकराराने दिलेल्या जमिनींना) रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के इतका हिस्सा तिथे जातो. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना प्राधान्य आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत ही रक्कम मोठी. दगड-मुरमाच्या जिल्ह्यात त्या मानाने किरकोळ.

गोव्याचं उदाहरण यापुढचं आहे. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करायला लावला. विचार असा की खनिज ही ठेव आहे, एकदा काढली की संपली. तिचे पैसे वर्षाच्या खर्चात उडवणं म्हणजे जमीन विकून किराणा भरणं. आपल्या अर्थसंकल्पात मात्र रॉयल्टी अजून साध्या महसुलातच मोजतात.

जुलै २०२४ च्या निकालाने काय बदललं?

२५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: रॉयल्टी हा कर नाही, ती पट्ट्याच्या कराराची रक्कम आहे, आणि खनिज हक्कांवर, खनिज असलेल्या जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. रॉयल्टीला कर मानणारा १९८९ चा इंडिया सिमेंट निकाल त्यामुळे गेला. भिन्नमत न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचं होतं; राज्यांत चढाओढ लागेल आणि खनिजाच्या किमती देशभर विस्कळीत होतील अशी त्यांची चिंता. पुढे १४ ऑगस्टला न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनच्या कराच्या मागण्यांना परवानगी दिली, पण हप्ते १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांत आणि निकालाआधीच्या मागणीवर व्याज-दंड माफ.

झारखंड आणि तामिळनाडू यांनी लगेच २०२४ मध्येच आपापले कायदे केले. माझं मत विचाराल तर अधिकार राज्यांकडे असणं योग्य. खनिज त्यांच्या पोटातून निघतं. पण वीस वर्षांमागच्या विक्रीवर आज कर लावणं वाईट. तो माल विकून झाला, गिऱ्हाइकाकडून आता काही मागता येत नाही. पुढचा गुंतवणूकदार हे पाहून बोली लावताना आधीच रक्कम कापून घेतो.

परदेशात जास्तीच्या नफ्यावर कर लावतात म्हणे?

लावून पाहतात. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये खाणींच्या जादा नफ्यावर ४० टक्के कर जाहीर केला, खाणकंपन्यांनी जाहिरातींची राळ उडवली, पंतप्रधान केविन रड यांचं पद गेलं. सौम्य केलेला कर २०१२ मध्ये आला आणि २०१४ मध्ये रद्द झाला. नॉर्वेत तेलाच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर आहे आणि कंपन्या टिकून आहेत, कारण तोट्याच्या काळात सरकारही खर्चाचा वाटा उचलतं आणि नियम वरचेवर बदलत नाहीत.

खाणी बंद झाल्या तर रोजगार जातो, मग कर कमीच नको का?

नवी मुंबईतल्या दगडखाणी अडचणीत आल्या त्या पर्यावरण मंजुरीवरून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांच्या आतल्या खाणीलाही मंजुरी लागू लागली. गोव्यात २०१२ आणि २०१८ ला खाणी थांबल्या त्याही बेकायदा उत्खनन आणि पट्ट्यांच्या नूतनीकरणावरून. ट्रकवाले, बार्जवाले उघड्यावर पडले हे खरं, पण त्यात कराच्या दराचा हात नव्हता.

ठेकेदाराने सोसायटीच्या बिलात ‘रॉयल्टी’ वेगळी लावली आहे. द्यायची का?

आधी करारातला दर रॉयल्टीसह आहे का बघा, बहुतेकदा असतो. नसेल तर परवान्यांच्या प्रती मागा आणि त्यावरचे ब्रास, गाडी क्रमांक साइटच्या नोंदवहीशी ताडून पाहा. सरकारी कामात परवाने दाखवले नाहीत तर बिलातून रॉयल्टी कापून घेतात. तुम्हीही करारात तशी अट घालू शकता. तयार काँक्रीट आरएमसीवाल्याकडून घेतलं असेल तर खडीची रॉयल्टी त्याच्या दरातच असते, ती वेगळी देऊ नका.